बदलीचा पास आणि सकाळचं कॉलेज

रात्री पावणेबाराला लालबागच्या गिरणीच्या फाटकाबाहेर आम्ही पंचवीस-तीस जण उभे असायचो. तिसऱ्या पाळीला आत कोण आलं नाही हे कळलं, की मुकादम एकेक नाव पुकारायचा. नाव निघालं तर सकाळी सातपर्यंतचं काम, नाही तर खोलीवर परत. तिथंही पाठ टेकायला जागा मिळेलच असं नसे, कारण एका वळकटीवर दोघं पाळीपाळीनं झोपायचे. 1979 ते 1982 मी असा बदली कामगार होतो आणि फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात बी.ए. करत होतो.

बदली ही गिरणगावातली फार जुनी पद्धत. कायम कामगार गावी गेला, आजारी पडला, तरी साचे थांबता कामा नयेत, म्हणून फाटकाबाहेर माणसं तिष्ठत ठेवायची. पूर्वी कुणाला आत घ्यायचं ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर असे, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय काम मिळत नसे. 1935 साली गिरणीमालक संघानं ठरावीक माणसांनाच पास द्यायचे आणि बदली त्यांच्यातूनच घ्यायचे, असा नियम केला. कागदावर जॉबरची सद्दी संपली. माझ्या खिशातही पास होता, तरी मुकादमाला दर महिन्याला काहीतरी द्यावं लागलंच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

साचेखात्यात बोललेलं ऐकू येत नसे, सगळं खाणाखुणांनी चालायचं. सातचा भोंगा झाला की तोंडावर पाणी मारून करी रोडला गाडी पकडायची आणि व्हीटीला उतरून पळत सुटायचं. पहिला तास बहुतेकदा चुकायचा. दुसऱ्याला बाकावर असायचो, पण कानात साचे चालूच असायचे. वही उघडली की केसांतले कापसाचे तंतू पानावर पडायचे, फुंकर मारून लिहायला लागायचं.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 च्या जूनमध्ये हे कॉलेज सुरू केलं. दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं, म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वडिलांनी रात्री दोनला उठवल्यावर बाबासाहेब स्वतः लहानपणी अभ्यासाला बसलेले होते. त्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. फी माफ करणाऱ्या संस्था पुष्कळ असतील. पोराच्या पोटापाण्याची वेळ बघून तास लावणं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि भोंगे बंद झाले. शेवटच्या परीक्षेपर्यंत माझा एकही पहिला तास चुकला नाही. खानावळीचे पैसे मात्र थकले. खानावळवाल्या बाईंनी विचारलं नाही, ताटही बंद केलं नाही. परीक्षा झाल्यावर हमाली करून मी ते फेडले.

आता पोरं रात्रभर दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतात, गोदामात खोकी उचलतात आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतात. प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. वेळापत्रक लावायच्या आधी त्यांतल्या एकाला जवळ बसवून विचारा, बाबा, तुझी पाळी किती वाजता सुटते?