मागाहून चिकटलेले अठ्ठावीस

1,57,79,17,828. सूर्यसिद्धांताप्रमाणे 43,20,000 वर्षांच्या महायुगात इतके दिवस. वाईत पत्रिका मांडणाऱ्या माझ्या आजोबांना ही संख्या तोंडपाठ होती. मी सांगलीत गणित शिकवलं, त्यामुळे मला तिच्या शेपटीतच जास्त रस.

वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत जुना सूर्यसिद्धांत सांगितलाय, त्यात शेवटी 828 नाही, 800 आहे. त्या संख्येला वर्षांनी भागा. अपूर्णांक आटत आटत 292207 छेद 800 वर येतो. म्हणजे 800 वर्षांत दिवस बरोब्बर पुरे. वर्ष निघतं 365 दिवस 15 घटी 31 पळं 30 विपळं, पुढे बाकी शून्य. ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकात हेच मान घेतलं.

पुढे कुणीतरी 28 दिवस वाढवले. आता दोन्ही संख्यांना साधारण अवयव उरतो तो फक्त 4, आणि पुऱ्या दिवसांचा मेळ बसायला एकदम 10,80,000 वर्षं थांबावं लागतं! बरं, एवढं करून वर्ष वाढलं किती? एक विपळ चोवीस प्रतिविपळं, आपल्या घड्याळात अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. खरी चूक साडेतीन मिनिटांच्या आसपास होती, आणि तीही उलट्या दिशेची: वर्ष मुळातच लांब होतं, त्यात भर पडली. एवढा बारीक हिशेब, पण आकाशाकडे न बघता केलेला, असं माझं मत.

रोजच्या गणिताला असे अजस्र आकडे परवडत नाहीत. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 च्या सुमारास ग्रहलाघवात कलियुगापासूनचे सोळा लाखांवर दिवस बाजूला ठेवले आणि 11 वर्षांची, 4016 दिवसांची चक्रं धरली. मराठी पंचांगं पुढे शतकानुशतकं त्यावरच चालली. पण सूर्याचं वर्ष जुनंच राहिलं, आणि साडेतीन मिनिटं साठून सव्वाचारशे वर्षांत एक दिवस होतो.

1920 साली आमच्या सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं. मागे लोकमान्य टिळकांची खटपट होती. वर्षमान वेधाला जुळणारं घ्यायचं, 15 घटी 23 पळांच्या जरा आतलं, यावर सुधारकांमध्ये फारसा वाद नव्हता. भांडण होतं राशिचक्राच्या आरंभाचं. रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून मोजायचं की चित्रेच्या समोरून? व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे, टिळक पंचांग रेवतीच्या. फरक चारेक अंशांचा, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत 10 जानेवारीच्या सुमाराला येते आणि बाकीच्यांचा तिळगूळ 14-15 ला. अधिक महिनाही कधी कधी वेगळा पडतो. या चार दिवसांचं खापर मात्र त्या अठ्ठाविसावर फोडू नये. तो हिशेबातून दोन्ही पक्षांनी कधीच काढून टाकलाय.