फॉईलमधलं सँडविच आणि पानातला पानगा



थंडी पडली की आमच्या टीममध्ये दोनच विषय असतात. एक रिलीजची तारीख, दुसरा शेकोटी. पुंडलिकनगरहून बीड बायपास ओलांडून थोडं पुढे गेलं की कुणा ना कुणा मित्राचं शेत लागतंच. मग प्रश्न येतो रात्री खायचं काय? हल्ली त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे फॉईल सँडविच.

ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. ब्रेडला आतून-बाहेरून लोणी, मधे उकडलेला बटाटा, कांदा, हिरवी चटणी, परवडत असेल तर चीज. फॉईलचे दोन थर गुंडाळायचे आणि ज्वाळेत नाही, तर निखाऱ्यावर ठेवायचं. दोन-तीन मिनिटांनी उलटायचं. बस्स! ना तवा, ना भांडी घासायची कटकट. आणि फॉईलची चकचकीत बाजू आत की बाहेर यावर भांडू नका. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र लाटतात, म्हणून आतल्या बाजू मंद दिसतात. शिजण्यात फरक पडत नाही.

आता थोडा इतिहास (माझी जुनी खोड!).

अ‍ॅल्युमिनियम एकेकाळी मिरवायची वस्तू होती. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर जो तुकडा बसवला, तो जेमतेम २.८ किलोचा, पण त्याचं कौतुक केवढं! मग १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न विचारता, विजेच्या मदतीने हा धातू स्वस्तात वेगळा करायची एकच पद्धत शोधली. दोघांचा जन्म १८६३चा, म्हणजे वय फार तर तेवीस. (आपण त्या वयात काय करत होतो ते सोडा.) १९१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉईल लाटायला सुरुवात झाली आणि थोड्याच दिवसांत चॉकलेटं तिच्यात गुंडाळली जाऊ लागली. अमेरिकेत रेनॉल्ड्स कंपनीने १९४७ साली घरगुती फॉईलचा रोल बाजारात आणला. मूळ धंदा सिगारेटच्या पाकिटांच्या फॉईलचा! तिथल्या कॅम्पमधल्या पोरांच्या हाती हा रोल पडला, आणि निखाऱ्यातलं पुडकं जगभर गेलं.

म्हणजे ही आयडिया अमेरिकन का? मुळीच नाही. स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलने १९०८च्या पुस्तकात मांस ओल्या कागदात किंवा चिखलात गुंडाळून निखाऱ्यात भाजायला सांगितलंय. आणि आपल्याकडे तर विचारूच नका. विदर्भात कणकेचा पानगा पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवून गोवऱ्यांच्या आरात भाजतात. कोकणात केळीच्या पानातली तांदळाची पानगी. रायगडात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत मडक्यात भरून पोपटी लावतात. आणि चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य कशाचा? भरीत-रोडग्याचा! आपल्या साताऱ्याच्या (शहराला लागून असलेल्या, त्या दूरच्या नव्हे) खंडोबाला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. वांगंही निखाऱ्यातलं आणि रोडगाही.

इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर पानाचं डोकं फॉईलपेक्षा जास्त चालतं. पानात पाणी असतं. ते आटेपर्यंत पान शंभर अंशांच्या फारसं वर तापत नाही, त्यामुळे आतला पदार्थ आधी वाफेवर शिजतो. पाणी संपलं की पान करपतं, वास सुटतो, म्हणजे ‘झालं, काढा आता’. फॉईल बिचारी काहीच सांगत नाही. आत ब्रेडचा कोळसा झाला तरी बाहेरून तशीच चकचकीत. शिवाय चिंच-टोमॅटोसारखं आंबट-खारट फॉईलला थेट लागलं तर थोडा धातू त्यात उतरतो. म्हणून चटणी ब्रेडच्या आतच ठेवा.

आता मूळ मुद्दा. स्वस्त आणि सोपं म्हणजे नेमकं कुणाला? एक किलो नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज लागते. तेच जुनं वितळवून पुन्हा वापरलं तर नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. पण लोणी आणि राख लागलेला फॉईलचा चोळामोळा भंगारवाला घेत नाही, म्हणून तो शेतात राहतो. पानाची राख त्याच मातीत मिसळते. फॉईल औताला लागते, गुराच्या तोंडात जाते, आणि ज्या शेतकऱ्याने आपल्याला हौसेनं बोलावलं तो सोमवारी सकाळी ती वेचत बसतो. तेव्हा आपण स्टँडअप मीटिंगमध्ये ‘वीकेंड मस्त गेला’ सांगत असतो.

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये आता तीन नियम आहेत. एक, फॉईल नेली तेवढे तुकडे मोजून परत आणायचे. दोन, शेकोटी शेतातच, मालकाला विचारून. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे, गंमत नाही. तीन, निम्मं जेवण पानातलं. पळस मिळाला तर उत्तम, नाहीतर बाजारातून केळीचं पान न्यायचं. त्यात ब्रेडही मस्त होतो बरं का, फक्त पान सुतळीने बांधा आणि सुतळी आधी भिजवून घ्या.

फॉईलला शिव्या घालायचा हेतू नाही. पावसाळी वाऱ्यात तिच्यासारखी सोय नाही. पण तेवीस वर्षांच्या दोन पोरांनी जो धातू सगळ्या जगाला स्वस्त करून दिला, तो आपण एका सँडविचसाठी वापरून मातीत टाकतो, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

असो. यंदा हुरड्याला जाल तेव्हा पानगा करून बघा, आणि निघताना राख एकदा चाळून बघा.