गर्भाशयाचें दार

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहासनें, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु ज्या दारांतून राजा आणि रंक सारखेच या जगांत येतात, त्या दाराचाहि कांहीं इतिहास असेल, हें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. गर्भाशयमुखाचें नांव सभ्य घरांत उच्चारावयाचें नाहीं, असा आपला संकेत. आणि त्या संकेताची किंमत आजवर स्त्रियांनींच मोजिली आहे.

पर्गामम येथें जन्मलेला ग्रीक वैद्य गॅलन याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत निसर्गशक्तींवर एक ग्रंथ लिहिला. शरीरांत धरून ठेवणारी एक व बाहेर लोटणारी दुसरी अशा दोन शक्ति आहेत, हें दाखविण्यासाठीं त्याने या मुखाचाच दाखला घेतला. गर्भ असेपर्यंत तें इतकें घट्ट मिटलेलें असतें कीं सळईचें टोकहि आंत शिरत नाहीं. प्रसूतिसमयीं तेंच हळूहळू उघडतें. याला साक्ष कोणाची? सुइणींची. सुईण बाईला लागलीच प्रसूतीच्या आसनावर बसवीत नाहीं. ती आधीं बोटाने चांचपून पाहते, प्रथम करंगळी शिरेल एवढें झालें म्हणते, मग वाढलें म्हणते, आणि पुरेसें उघडल्यावरच तिला उठविते, असें तो सांगतो.

गॅलनच्या त्या शक्ति आतां कोणी मानीत नाहीं. निरीक्षण मात्र खरें ठरलें. गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची, तर त्याचें मुख मुख्यतः कोलॅजेनच्या चिवट तंतूंचें असतें. गर्भारपणीं श्लेष्म्याचें घट्ट बूच तें बंद राखतें. दिवस भरत येतात तशी तंतूंची वीण सैल होते, त्यांत पाण्याचा अंश वाढतो, मुख मऊ पडतें, आखूड व पातळ होतें, आणि कळांबरोबर सुमारें १० सेंटिमीटर उघडतें. महिनोन् महिने धरून ठेवणें व मग कांहीं तासांत वाट देणें, अशीं दोन परस्परविरुद्ध कामें एकाच अवयवाकडे आहेत.

पहिलें काम साधलें नाहीं तर? कळा नसतांहि मधल्याच महिन्यांत दार उघडतें आणि गर्भ हातचा जातो. कित्येकींचा एकामागून एक जातो. अशा स्त्रीच्या माथीं नशिबाचा वा पूर्वकर्माचा बोल लावणें सोपें होतें. मूळचे गोमंतकांतील व मुंबईंत नांवारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं तो बोल न लावतां दाराकडे पाहिलें. स्त्रीच्याच मांडीवरील चिवट पटलाची पट्टी काढून त्यांनीं गर्भाशयमुखाभोंवतीं बांधली. १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकांत त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली, आणि ‘शिरोडकर टांका’ हें नांव जगभरच्या वैद्यकग्रंथांत गेलें.

दुसऱ्या कामाचें मोजमाप याच सुमारास झालें. १९५४ साली अमेरिकेंत इमॅन्युएल फ्रीडमन यांनीं तासागणिक मुख किती उघडतें याचा आलेख काढिला. सुइणीच्या करंगळीच्या जागीं सेंटिमीटर आले. त्याने अडलेली बाळंतीण वेळींच ओळखतां येऊं लागली, हा मोठाच लाभ. परंतु पुढें तासाला एक सेंटिमीटर हा जणूं कायदाच झाला, आणि मागें पडणाऱ्या बाईवर औषध वा शस्त्र चालविण्याची घाई होऊं लागली. अखेर २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें कीं हा वेग कित्येक स्त्रियांना लागू पडत नाहीं. आई व मूल सुस्थितींत असतां केवळ मंद गतीसाठीं हस्तक्षेप करूं नये.

अठराशे वर्षांपूर्वींची ती सुईणहि बाईला घाईने उठवीत नव्हती. आपल्याजवळ तिच्याहून पुष्कळ अधिक ज्ञान आहे. त्याच्या जोडीला तिचा धीर राहिला, तरच तें ज्ञान बाळंतिणीच्या कामीं येईल.