कळांची वाट पाहायची की कळा आणायच्या?

ग्वाल्हेरच्या ठाटीपूर भागातल्या दर्पण कॉलनीतून मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं तर लष्करात, कंपूकडे जावं लागतं. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे कायमची विसावली आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर हे शहर झालं. कंपूला जयाजीरावांच्या नावाचं जयारोग्य रुग्णालय आहे आणि 1946 साली सुरू झालेलं गजराराजा मेडिकल कॉलेजही आहे. माधवराव शिंद्यांची कन्या कमलाराजे, तिच्या नावाचं बायकांचं आणि मुलांचं इस्पितळही याच कॉलेजशी जोडलेलं आहे. गजराराजा आणि कमलाराजे या आई-लेकींची नावं अशी एका आवारात आहेत.

दर्पण कॉलनीतल्या एखाद्या घरात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची तारीख उलटते, कळा मात्र सुरू होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, ‘उद्या ॲडमिट व्हा, कळा आणू.’ मग घरात चर्चा सुरू होते. आईला वाटतं, आणखी दोन दिवस थांबावं. सासरहून फोन येतो की उगाच जोखीम नको. जिच्या पोटात बाळ आहे तिचं मत बहुधा सर्वांत शेवटी विचारलं जातं. हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. इतक्या काळात साधनं कितीतरी बदलली, पण कळा कधी आणि कोणाच्या होकाराने आणायच्या हा वाद तसाच चालत आला आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात हा वाद चक्क मांडलेला सापडतो. कळा येताहेत पण प्रसूती पुढे सरकत नाही, अशा बाईला उठवावं, हाती मुसळ देऊन उखळातलं धान्य कांडायला लावावं, असं काही वैद्यांचं मत होतं. ग्रंथातले आचार्य आत्रेय ते साफ नाकारतात. गरोदरपणी जड कष्ट वर्ज्य आहेत आणि प्रसूतीच्या वेळी तर सगळं शरीर हललेलं असतं. अशा वेळी मुसळाचे श्रम जिवावर बेतू शकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चालण्याफिरण्याला आणि जांभया देण्याला मात्र परवानगी दिली. कळ नसताना जोर करू नकोस, असंही बाईला बजावून सांगायची सूचना त्याच अध्यायात आहे. घाई करणारे आणि थांबा म्हणणारे, असे दोन्ही पक्ष तेव्हाही होते.

गावोगावच्या सुईणींकडेही उपाय होते. एरंडेल तेल पाजणं हा त्यातला सर्वांत परिचित. कळलावीच्या मुळीचा लेप हातापायांच्या तळव्यांना लावण्याची रीत सुश्रुतसंहितेत वार अडकल्यावरचा उपाय म्हणून येते. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी ही वेल जहाल विषारी असते. तिच्यात कोल्चिसीन असतं आणि मुळी पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

हे जुने ग्रंथ आधुनिक वैद्यकासमोर एका मराठी बाईनेही मांडले. आनंदीबाई जोशींनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पदवी घेतली तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि मूल दहा दिवसांत गेलं होतं. बाळंतिणीजवळ जाणकार बाई असायला हवी, हा त्यांचा ध्यास त्या दुःखातून आला होता.

युरोपात कळा आणण्याचा निर्णय प्रथम जाहीरपणे तोलला गेला तो 1756 मध्ये. लंडनचे नामांकित डॉक्टर एकत्र जमले. मुडदुसाने कंबरेचं हाड अरुंद झालेल्या बायकांना दिवस भरण्याआधीच बाळंत करणं नीतीला धरून आहे का, सुरक्षित आहे का, उपयोगाचं आहे का, यावर त्यांनी खल केला. ही हकीकत थॉमस डेन्मन यांनी लिहून ठेवली. न करण्याचा पर्याय भयंकर होता: अडलेल्या बाळाचं डोकं फोडून ते बाहेर काढणं, नाहीतर आई हमखास दगावेल असं पोट चिरणं. म्हणून पाणमोट फोडून कळा आणण्याला त्यांनी मान्यता दिली. कारण भक्कम असेल तरच हात घालायचा, हा दंडक तेव्हा पडला.

तो फार काळ टिकला नाही. 1808 मध्ये न्यूयॉर्क राज्यातले डॉ. जॉन स्टर्न्स यांनी राय धान्यावरच्या अर्गट बुरशीची पूड कळा वाढवते, डॉक्टरचा वेळ वाचवते, असं पत्र छापलं. पुडी लोकप्रिय झाली. पण तिने गर्भाशय आवळतं ते सैल पडायचं नाव घेत नाही, आणि आत बाळ गुदमरतं. मेलेल्या बाळांची संख्या वाढलेली पाहून डेव्हिड होसॅक यांनी 1822 मध्ये या औषधाला मरणाची पूडच ठरवलं आणि ते बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावापुरतं राखावं असं सुचवलं.

विसाव्या शतकात औषधाला लगाम मिळाला. 1906 मध्ये हेन्री डेल यांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं हे दिसलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी त्यातलं ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 चं नोबेल मिळवलं. त्याआधीच, 1948 मध्ये, इंग्लंडच्या थिओबाल्ड यांनी पिट्युटरीचा हा अर्क सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यायला सुरुवात केली होती, आणि खरी सुरक्षितता त्या थेंबांत होती. नर्स पोटावर हात ठेवून बसते. दहा मिनिटांत किती कळा आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, मधल्या वेळात पोट सैल पडलं का, हे पाहते आणि बाळाचे ठोके ऐकते. कळा फार जवळजवळ आल्या तर चाक फिरवून थेंब बंद. ऑक्सिटोसिन काही मिनिटांत ओसरतं.

स्नायूत टोचलेल्या सुईला असं चाक नसतं. तरीही उत्तर भारतात घरच्या बाळंतपणात हीच सुई सर्रास टोचली गेली. पॅट्रिशिया जेफरी आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या बिजनौरकडच्या गावांमधला हा प्रकार 2007 मध्ये प्रसिद्ध केला. पदवी नसलेले स्थानिक ‘डॉक्टर’ घरी येऊन इंजेक्शन देत, आणि लवकर सुटका व्हावी म्हणून घरचेच त्यांना बोलावत. यात गर्भपिशवी फाटण्याचा धोका असतो, बाळ घुसमटण्याचाही. मध्य प्रदेशात 2005-06 मध्ये जेमतेम 26 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत तो आकडा 90 टक्क्यांवर गेला. दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेने बाया वॉर्डापर्यंत आल्या. तिथे ऑक्सिटोसिन घरच्यापेक्षा सुरक्षित हातांत आहे, पण खाटा थोड्या, नर्सा थोड्या, आणि घाईला तिथेही जागा आहे.

मुळात ‘उशीर’ कशाला म्हणायचं? शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजायचा जर्मन डॉक्टर नेगेले यांचा हिशेब एकोणिसाव्या शतकातला. तारीख ठरली म्हणून ती उलटूही लागली. पाळीची तारीख चुकीची आठवली तर सगळा हिशेब कोसळतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत झालेली सोनोग्राफी इथे मोलाची ठरते. दुसरा हिशेब 1964 चा, एडवर्ड बिशप यांचा: गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे, बाळाचं डोकं किती खाली आलं. या पाच गोष्टींना गुण देऊन कळा आणणं सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज बांधता येतो. ‘माझं तोंड किती तयार आहे?’ असं बाईने विचारलं तर डॉक्टरांकडे त्याचं नेमकं उत्तर असतं.

तोंड तयार नसेल तर काय करावं, याचं महत्त्वाचं उत्तर नागपूरने दिलं. शहरातल्या सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गरोदर बायांवर डॉ. शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अर्ध्या बायांना मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने, अर्ध्यांना फोली कॅथेटर: रबरी नळीच्या टोकाचा फुगा आत पाण्याने फुगवून गर्भपिशवीचं तोंड हळूहळू उघडायचं. चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने बाळंत झालेल्या बाया गोळीच्या गटात 57 टक्के, फोलीच्या गटात 47 टक्के. गोळी स्वस्त आहे, पण मात्रा नेमकी हवी. पोटातल्या अल्सरसाठी निघालेल्या 200 मायक्रोग्रॅमच्या गोळीचे ब्लेडने आठ तुकडे केले तर एकही तुकडा दुसऱ्याएवढा होत नाही.

नागपूरच्या त्या बायांसाठी थांबणं धोक्याचं होतं. वाढत्या रक्तदाबावर प्रसूती हाच उपाय. निरोगी बाईचं गणित वेगळं. अमेरिकेत 2018 मध्ये सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या अभ्यासात 39 व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझर 18.6 टक्के झाले, थांबलेल्यांमध्ये 22.2 टक्के. पण ते भरपूर नर्सा आणि यंत्रं असलेल्या वॉर्डांतलं चित्र. स्वीडनमध्ये 41 व्या आठवड्यात कळा आणणं आणि 42 व्यापर्यंत थांबणं यांची तुलना चालली होती. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्यात एकही नाही, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आधीच थांबवावा लागला. जागतिक आरोग्य संघटना निरोगी गरोदर बाईला 41 आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आणू नयेत असं सांगते, आणि त्यानंतर आणाव्यात असं सुचवते.

म्हणजे होकार किंवा नकार ही धाडसाची परीक्षा नाही. कारण काय, आठवडे किती, तोंड तयार आहे का, लक्ष ठेवायला माणूस आहे का आणि कळा आल्याच नाहीत तर पुढे काय, या पाच प्रश्नांवर तो ठरतो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीबद्दल स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय, धोके आणि नकाराचे परिणाम रुग्णाला कळेल असे सांगितले पाहिजेत. त्या खटल्यात भूल दिलेल्या सज्ञान बाईऐवजी तिच्या आईची परवानगी घेतली होती, आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर सासू, आई आणि नवरा मिळून निर्णय घेतात, त्या प्रत्येक ठिकाणाला हा निकाल लागू पडतो.

थांबायचं ठरवलेल्या बाईलाही तितकीच तजवीज मिळायला हवी: आठवड्यातून दोनदा बाळाचे ठोके आणि बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी, हालचाल कमी वाटली तर रात्री-अपरात्री उघडं असलेलं दार, आणि केस पेपरवर तिचं कारण तिच्याच शब्दांत. ‘नकार दिला’ एवढं लिहून सही घेतली की रुग्णालयाची बाजू सुरक्षित होते. बाळ-बाळंतीण सुरक्षित राहायची तर पुढच्या तपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहावी लागते.