समुद्राचा घरजावई

ग्रीक पुराणांमधला पाण्याचा देव कोण, असं विचारलं तर बहुतेकजण पोसायडनचं नाव घेतील. 'पर्सी जॅक्सन' वाचलेले तर हमखास. पण हेसिअडचं 'थिऑगनी' हे साधारण इ.स.पू. ७०० च्या सुमाराचं काव्य वाचा. पोसायडन जन्माला येण्याआधीच पाण्याचं घराणं चांगलं नांदतं होतं!

पृथ्वीने, म्हणजे गायाने, एकटीनेच पोंटोस या समुद्राला जन्म दिला. त्याच्यापासून तिला नेरेउस झाला. कधी खोटं न बोलणारा, सौम्य, म्हातारा समुद्रदेव. दुसरीकडे गाया आणि आकाश यांची मुलं ओकेआनोस आणि टेथिस. या भावाबहिणीच्या संसारात ३००० मुली आणि तितकेच मुलगे. मुली म्हणजे अप्सरा, मुलगे म्हणजे नद्या. हेसिअड त्यातल्या २५ नद्यांची नावं देतो आणि पुढे हात टेकतो: सगळी नावं सांगणं माणसाला अवघड, ज्याच्या त्याच्या काठच्या लोकांना ती ठाऊक असतात.

मराठीत लिहिताना इथे पंचाईत होते. आपली नदी 'ती', ग्रीकांची 'तो'. ब्रह्मपुत्रेला नद म्हणतात, तसे हे सगळे नदच.

नेरेउसने ओकेआनोसची मुलगी डोरिस केली आणि दोन्ही घराणी जोडली गेली. त्यांना ५० मुली. त्यातल्या अँफिट्रिटीशी पोसायडनचं लग्न झालं. पोसायडन मूळचा क्रोनोसचा मुलगा. 'इलियड'मध्ये तो स्वतःच सांगतो, की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला समुद्र आला. त्याची जुनी बिरुदं तर जमीन हादरवणारा अशी आहेत. म्हणजे समुद्र त्याला चिठ्ठीत मिळाला आणि समुद्रातलं गणगोत बायकोकडून. घरजावईच म्हणा ना.

हे नुसतं नात्यांचं कोडं आहे असं मलाही वाटलं असतं, पण आर्गोसची कथा आडवी आली.

आर्गोसची जमीन कुणाची, हेराची की पोसायडनची, असा वाद झाला. पंच नेमले ते तिथलेच तीन नद: इनाखोस, केफिसोस आणि आस्टेरिओन. इनाखोस हा ओकेआनोसचा मुलगा, म्हणजे जुन्या घराण्यातला. पंचांनी कौल हेराला दिला. चिडलेल्या पोसायडनने त्यांचं पाणीच काढून घेतलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेलेला प्रवासी पॉसेनियस हे कारण नोंदवतो. कोरड्या मुलखाला आपलं पाणी का नाही, याचं उत्तर हवं होतं, आणि ते भाऊबंदकीत सापडलं.

पाणी परत आलं त्याची किंमत मात्र एका मुलीने दिली. राजा डॅनाउसने मुलींना पाणी शोधायला पाठवलं. त्यातली अमिमोनी हरणावर नेम धरायला गेली आणि हत्यार लागलं झोपलेल्या सॅटरला. हा अर्धा माणूस, अर्धा पशू तिच्या मागे लागला. पोसायडन आला, सॅटर पळाला, आणि मग पोसायडनने तिच्याशी संग केला. बदल्यात तिला लर्नाचे झरे दाखवले. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात हे सगळं चार-दोन वाक्यांत उरकलंय. तिला काय वाटलं, हे तिथे नाही. एस्खिलसने तिच्यावर नाटक लिहिलं होतं, पण त्याचे तुकडेच उरलेत.

मी ही वंशावळ चौकोन आणि बाणांनी मांडून पाहिली. डेटा स्ट्रक्चर्सच्या भाषेत हा ट्री नाहीच, बाण फिरून मागे येतात. प्रचलित वंशावळीत इनाखोसची मुलगी इओ, तिचा मुलगा एपाफोस, त्याची मुलगी लिबिया. लिबियाला पोसायडनपासून बेलोस झाला, बेलोसचा मुलगा डॅनाउस, आणि डॅनाउसची मुलगी अमिमोनी. म्हणजे पोसायडन तिचा पणजोबा! आणि ज्याचं पाणी त्याने आटवलं, त्या इनाखोसचीही ती वंशज. तिला पोसायडनपासून झालेल्या नाउप्लिओसने नाउप्लिआ हे बंदर वसवलं, असं ग्रीक सांगत. आजचं नाफ्प्लिओ ते हेच.

शिक्षा मात्र पुढेही उठली नाही. पॉसेनियस लिहितो, की पाऊस पडला तरच या नद्यांना पाणी असतं. उन्हाळ्यात सगळ्या आटतात, वाहतात ते फक्त लर्नाचे झरे.