दाढेची धाव

सहा वर्षांपूर्वी माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. ठणका थांबला. डॉक्टर म्हणाले, "काका, आता कॅप बसवून घ्या." मी मनात म्हटले, दुखत तर नाही, मग हा खर्च कशाला? आठ-नऊ महिने बरे गेले. एका संध्याकाळी फुटाणे खाताना कट् असा आवाज झाला आणि दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेली होती. दाढ काढावीच लागली.

यंदा दुसऱ्या बाजूला तीच वेळ आली, तेव्हा मात्र मुकाट्याने कॅप बसवली. जन्मभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे ही टोपी आली कुठून हे पाहिल्याशिवाय राहवेना.

आधी दाढ का फुटते ते पाहू. कीड काढून आणि आत वाट कोरून झाल्यावर मध्ये पोकळी व भोवती पातळ भिंती उरतात. भरलेले सिमेंट पोकळी बुजवते, पण भिंतींना बाहेरून धरत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो. ती निवताना आवळते आणि लाकडाचे तुकडे सुटत नाहीत. कॅप ही दाढेची धाव. पण तिला पकडायला हिरडीच्या वर चांगल्या दाताची दीड-दोन मिलिमीटर तरी कडा शिल्लक असावी लागते.

शिल्लक काय राहिले, याच प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो. अडीच हजार वर्षांपूर्वी इटलीतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीने खोटा दात शेजारच्या दातांना बांधत. तो दात गेल्यानंतरचा इलाज होता. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. मूळ शाबूत असेल तर त्यात धातूची खुंटी रोवून वर नवा दात बसवण्याची रीत त्यात आहे. म्हणजे आता मूळ राखले गेले. १७४६ मध्ये फ्रान्सच्याच क्लोद मूतोंने झिजलेल्या दाढेवर सोन्याची टोपी चढवण्याचे वर्णन केले. इथे दाढच राखली गेली!

तरी दोन अडचणी उरल्या. पत्रा वाकवून केलेली टोपी घट्ट बसत नसे, फटीतून आत पुन्हा कीड लागे. आणि पुढच्या दातांवर सोने कुणाला आवडणार? दुसरी अडचण डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने १८८०च्या दशकात सोडवली. प्लॅटिनमच्या पातळ वर्खावर चिनी माती भाजून त्याने दातासारखी पांढरी टोपी केली. (१९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा विमानवीर लिंडबर्ग हा त्याच्या मुलीचा मुलगा.)

पहिली अडचण १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगार्टने दूर केली. मेणाचा नमुना, भोवती साचा, मेण वितळवून काढायचे, त्या जागी सोने ओतायचे. वाचताना मला हसू आले. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने घडली आणि बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतण्याची हीच कृती दिली आहे. टॅगार्टने पेटंट घेतले, पण दंतवैद्यांनी मोबदला देण्यास नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले आणि दुसऱ्या एकाने ही रीत १८९७ मध्येच मांडल्याचे दिसून पेटंट टिकले नाही. रीत मात्र जगभर टिकली.

१९६२ मध्ये धातूवर चिनी माती पक्की चिकटवण्याचे पेटंट झाले. दोन्ही एकाच मापाने तापून फुगल्या आणि निवून आकसल्या तर वरचा थर तडकत नाही, ही त्यातली मेख. आता झिर्कोनियाच्या कॅप संगणकाच्या मदतीने कोरल्या जातात. माझी तसलीच आहे.

एक मात्र डॉक्टरांनी बजावले. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. तिथे रोज ब्रश फिरलाच पाहिजे. अडीच हजार वर्षांच्या खटपटीनंतरही खरी मदार उरलेल्या त्या दीड-दोन मिलिमीटरवरच आहे. माझी पहिली दाढ मी तेवढ्याचीच किंमत न केल्यामुळे गमावली. दुखणे थांबले म्हणजे काम संपले असे समजणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी फुटाणे खाण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.