पेशींचा रंग आणि मागचा उजेड

फ्लो सायटोमेट्रीचा इतिहास म्हटलं की बहुतेक वेळा यंत्राचाच इतिहास सांगितला जातो. लेझर आला, संगणक आला, सेकंदाला हजारो पेशी एकामागून एक तपासता येऊ लागल्या. ते खरंच आहे. पण यंत्रासमोरून जाणारी पेशी नीट रंगलेलीच नसेल तर यंत्र काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून आज आपण रंगाकडे बघू.

१९३९ साली अल्बर्ट कून्स हा तरुण अमेरिकन डॉक्टर बर्लिनला गेला होता. संधिवाताच्या तापात हृदयात बारीक गाठी होतात. त्या गाठींमध्ये जंतूचा अंश असतो का, आणि असला तर तो डोळ्यांनी कसा पाहायचा, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आपलं लक्ष्य बरोबर शोधून काढते; मग तिलाच चमकणारा रंग चिकटवला तर? हार्वर्डला परतल्यावर रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने त्याने ते करून दाखवलं. १९४१ साली न्यूमोकॉकस जंतू सूक्ष्मदर्शकाखाली चमकले.

पण हा पहिला रंग निळा होता, आणि ऊतीसुद्धा स्वतःहून निळसर चमकतात. काजवा भर दुपारी चमकला, तरी तो आपल्याला दिसणार नाही, तसंच हे. म्हणून कून्सने निळा सोडून हिरवा फ्लुओरेसिन घेतला. आमच्या मते, या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. रंग किती तेजस्वी यापेक्षा मागचा उजेड किती कमी, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरला.

फ्लुओरेसिन वापरणंही सोपं नव्हतं. तो अँटिबॉडीला जोडण्याजोगा करायला फॉस्जीन लागायचा. पहिल्या महायुद्धात ज्याने माणसं मारली, तोच हा वायू. १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात रिग्ज आणि सहकाऱ्यांनी फ्लुओरेसिन आयसोथायोसायनेट आणलं, आणि हे काम साध्या प्रयोगशाळेतही होऊ लागलं. तोवर कून्सच्या गटाने आणखी एक युक्ती शोधली होती. रंगवलेलं द्रावण वाळवलेल्या यकृताच्या भुकटीत घोळवायचं. कुठेही चिकटणारे रेणू भुकटीलाच चिकटून बाजूला होतात. म्हणजे रंग न वाढवता संवेदनशीलता वाढली!

पुढे स्टॅनफर्डला लेन हर्झेनबर्ग सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पेशी मोजून मोजून कंटाळले. लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलरने १९६५ मध्ये पेशी आकारमानानुसार वेगळ्या करणारं यंत्र केलं होतं. त्याचे आराखडे हर्झेनबर्गनी मागवले आणि १९६९ साली चमकेनुसार पेशी निवडणारं यंत्र उभं राहिलं. काही वर्षांत त्यात आर्गॉन लेझर आला. त्याची ४८८ नॅनोमीटरची निळी रेषा फ्लुओरेसिनला छान जुळते. पण जुनं दुखणं पुन्हा वर आलं. पेशीतली फ्लेव्हिन द्रव्यंही त्याच निळ्या प्रकाशात हिरवी चमकतात. ज्या पेशीवर खुणा भरपूर ती दिसायची, जिच्यावर मोजक्या ती बुडून जायची. बरं, एका अँटिबॉडीवर जास्त फ्लुओरेसिन लादावं, तर ते रेणू एकमेकांचीच चमक विझवतात.

सुटका झाली ती समुद्रातून. लाल शैवालं पाण्यातला अपुरा प्रकाश गोळा करायला फायकोएरिथ्रिन नावाचं प्रथिन वापरतात. (अशी शैवालं आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या खडकांवरही असतात.) त्याच्या एका रेणूत तीसहून जास्त रंगधारक गट असतात, पण निसर्गाने ते असे मांडलेत की एकमेकांना विझवत नाहीत. ओय, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी १९८२ मध्ये ते अँटिबॉडीला जोडलं. निळ्या लेझरवर ते नारिंगी चमकतं, पेशीच्या स्वतःच्या हिरव्यापासून बाजूला. म्हणजे कून्सनेच केलेली रंगबदली, चाळीस वर्षांनी पुन्हा! आजही कमी संख्येच्या खुणेला हाच रंग द्यायची पद्धत आहे.

आमच्याकडे येणारे नवे विद्यार्थी मात्र अजून विचारतात, अँटिबॉडी थोडी जास्त घातली तर? सगळ्या जागा भरल्यावर उरलेले रेणू भलतीकडे चिकटतात आणि न रंगलेल्या पेशीही उजळायला लागतात. म्हणून आधी पातळ-पातळ करत योग्य मात्रा शोधायची. रंगलेल्या आणि न रंगलेल्या पेशींमधलं अंतर बघायचं, आणि न रंगलेल्यांचा पसारा किती तेही बघायचं. मेलेल्या पेशी तर अँटिबॉडी स्पंजासारखी शोषतात, त्या वेगळ्या रंगाने ओळखून आधीच वगळायच्या.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण उपचारानंतर तपासले जातात, तेव्हा शोध असतो तो साधारण दहा हजारांत एखाद्या उरलेल्या रोगट पेशीचा. तिथे एक मेलेली निरोगी पेशी चुकून रंगली, तर ती रोगट म्हणून मोजली जाऊ शकते. आणि खरी रोगट पेशी फिकी राहिली, तर ती निरोगी पेशींत मिसळून जाते. पुढचे उपचार किती कडक ठेवायचे, हे ठरवताना डॉक्टर हाच आकडा बघतात.